सरांच्या जठराची बाटली

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या फळीवर पाच बाटल्या होत्या. एकीत बेडूक, एकीत विंचू, एकीत पट्टकृमी, एकीत कुणीतरी शेतातून आणून दिलेलं मण्यार सापाचं पिल्लू, आणि पाचवीत सरांच्या पोटाचा तुकडा. बाटलीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवलेली होती : 'जठर. मनुष्य. पुरुष. वय एक्केचाळीस.' खाली लहान अक्षरात आणखी एक ओळ : 'हात लावण्याआधी विचारावे.' कोणाला विचारावे ते लिहिलं नव्हतं. गरजच नव्हती. जठराचा मालक तिथेच टेबलाशी उभा असायचा.

सर शाळेच्याच गावचे, आंजीचे, शेतकरी घरातले. सत्तर सालानंतरच्या त्या दिवसांत अल्सर झाला की पोटाचा मोठा भाग कापून काढत. सरांचा वर्ध्याजवळच्या मोठ्या दवाखान्यात काढला. भूल उतरल्यावर माणसं पाणी मागतात, सरांनी तुकडा मागितला. डॉक्टरांना वाटलं, औषधाचा अंमल आहे, उतरेल. तीन दिवस झाले तरी उतरेना. चौथ्या दिवशी त्यांनी फॉर्मॅलिन भरलेल्या बरणीत तो घालून दिला, आणि देताना दोनदा विचारलं म्हणे, "मास्तर, शाळेसाठीच नं?"

सर ती बरणी मांडीवर घेऊन एस.टी.नं गावी आले. कंडक्टरनं विचारलं, "लोणचं हाय का, मास्तर?"

सर म्हणाले, "नाई. मीच आहो."

हे मी ऐकलेलं. मी शाळेत रुजू झाले ती यानंतर दोन वर्षांनी. बावीस वर्षांची होते. वर्ध्याला आमचं कापडाचं दुकान, घरी चातुर्मासात कांदासुद्धा चालायचा नाही, आणि मी बी.एस्सी., तीही पहिल्या वर्गात. ही शेवटची गोष्ट मी भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. लग्न होऊन पिपरी मेघ्याला आले, आणि तिथून रोज आंजीला जाऊ लागले. इस्त्रीची वायलची साडी आणि डोळ्यांवर चष्मा. त्याचा नंबर इतका कमी होता की न लावता मला जास्त दिसायचं. नातवंडं तो फोटो बघून हसतात. मी म्हणते, हसा बापहो. त्या बाईला हसायला मीही शिकले, फक्त वीस वर्षं उशिरा.

पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला प्रयोगशाळेत नेऊन सोडलं. सरांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिल्या वर्गाचं सांगायचीही संधी दिली नाही. टेबलावरची धूळ फडक्यानं पुसत म्हणाले, "बाई, जठर मांस पचवते. जठर सोता मांसाचंच हाय. मंग ते सोताले काऊन नाई पचवत?"

मी चष्मा वर सरकवला आणि म्हटलं, "ते आम्हाला अभ्यासक्रमात नव्हतं."

सरांनी फडकं झटकलं. मग म्हणाले, "हां. मंग नसंन पचवत."

हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. तपासणीला आलेल्या साहेबांना, खत विकायला आलेल्या माणसाला, एकदा तर शेजारच्या घरी मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना, त्यांच्या पानात जिलबी वाढता वाढता. उत्तर कोणी दिलं नाही तर चिडत नसत. उत्तर द्यायला मिळतं याचाच त्यांना आनंद असायचा. आणि ते उत्तर द्यायचे ते आपल्या गावातल्या बायांकडे बोट दाखवून. "अंगण कसं सारवते बाई? रोज सारवते. काल सारवलं म्हून आज सोडत नाई. जठर बी आतून सोताले सारवत राह्यते, बुळबुळीत थर देते. अन् वरची कातडी चार-पाच दिसांत बदलून टाकते. ज्या दिशी सारवण कमी पडलं, त्या दिशी पचवणारं आम्ल अन् पेप्सिन घरातच शिरते." एवढं बोलून ते फळीकडे बघत.

प्रथिनांचा धडा त्यांनी कधी पुस्तकातून शिकवला नाही. टेबलाच्या खणात सुताचा एक गुंता होता. मुलं टकळीवर कातत, त्यातलंच वाया गेलेलं सूत, लिंबाएवढं गुंडाळून गच्च झालेलं. तो गुंता ते पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात देत आणि सोबत एक कात्री. "काप." ती कापायला जाई, पण कात्री वरवरच फिरे, आतलं सूत लागतच नसे. मग सर गुंता घेत, बोटांनी सैल करत, उलगडत, लांब धागा वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत. "हे प्रथिन. डाळीतलं घ्या, दुधातलं घ्या, अंड्यातलं घ्या, असंच गुंडाळलेलं राहते. मी आत्ता जे केलं ते आम्लानं केलं, गुंता सैल केला. आता काप." कात्री चाले. पण सर तिला मध्येच थांबवत. "बस. एवढंच. ही कात्री म्हणजे पेप्सिन, आणि ते सगळीकडं कापत नाही. त्याच्या पसंतीच्या जागा ठरलेल्या आहेत, तिथंच कापते. तुकडे मोठेच राहतात. बारीक करायचं काम पुढं आतड्यात." आणि मग आवाज खाली आणून : "आता सांगा, ही कात्री जठर ठेवते कुठं? उघडी ठेवली तर ज्या पेशीनं केली तिलेच कापंन. म्हणून झोपलेली करते. तिचं झोपेतलं नाव पेप्सिनोजेन. आम्लाचा थेंब लागला की जागी होते."

मी मागच्या बाकावर वहीत लिहून घ्यायचे आणि कोणी बघितलं तर, सरांच्या शिकवण्यातल्या चुका टिपते आहे, असा चेहरा करायचे.

ऑपरेशननंतर त्यांना दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खावं लागे. शिकवता शिकवता वेळ झाली की ते खडू ठेवत, डब्यातली दूधभाकर काढत आणि फळ्याकडे तोंड करून खात. एकेक घास इतका चावत की मागून त्यांच्या कानाजवळची शीर हलताना दिसायची. चाळीस मुलं तोपर्यंत थांबत. कोणी हसत नसे. मला हसू यायचं, पण मी पहिल्या वर्गात पास झालेली होते.

डबा आक्काचा. आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत कपाळ पांढरं होऊन माहेरी परत आली, आणि सरांनी लग्नच केलं नाही, तेव्हापासून त्या घरात ही दोनच माणसं. आक्काच्या हाताला गावात नाव होतं. तिचं वांग्याचं भरीत, तिची झुणकाभाकर, तिचा हिरव्या मिरचीचा ठेचा. भजन असो की बारसं, तिखटाची भाजी आक्काच करायची. आणि सरांना अल्सर झाला तेव्हा सगळं गाव एकमुखानं बोललं : बहिणीच्या तिखटानं मास्तराचं पोट जाळलं. कोणी तिच्या तोंडावर म्हटलं नाही. बारशाला बोलावणं मात्र बंद झालं.

सरांच्या त्या बाटलीला सगळे खूळ म्हणत. मीही म्हणायचे. घरी नवऱ्याला नक्कल करून दाखवायचे, सर बाटली उजेडात कशी धरतात त्याची. त्यांना काय दाखवायचं असतं ते मात्र कधी नीट बघितलं नाही. ज्याला म्हणून ते ती बाटली दाखवत, त्याला एकच गोष्ट सांगत. "हे पाहा. सगळं अस्तर कसं साफ हाय. अन् हे एवढं छिद्र, हरभऱ्याएवढं, एकाच जागी. तिखटानं जळलं असतं तर सगळंच जळलं असतं नं? तिखट काय एका जागी बसून राह्यते का?" कोणी पालक आले, सरपंच आले, पोस्टमन आला, सगळ्यांना हेच. ती बाटली विज्ञानाची नव्हती, आक्काची होती. मला हे कळायला माझ्याच हातून पाप व्हावं लागलं.

सर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गेले, हेही आताच सांगून टाकते. पोटानं नव्हे, हृदयानं. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या. तिरडी बांधली तरी आक्का उचलू देईना. "अर्धा भाऊ शाळेत ठिवून अर्धा जाळू का मी?" म्हणाली. मीच शाळेत जाऊन बाटली उतरवली. फॉर्मॅलिन ओतून टाकलं, तुकडा नव्या पांढऱ्या कपड्यात गुंडाळला आणि तिच्या हाती दिला. तिनं तो त्यांच्या पोटावर ठेवला, बरोबर होता त्या जागी. मग म्हणाली, "आता न्या."

पण माझ्या पापाचं सांगत होते.

माझं दुसरं वर्ष. सरांना ताप आला म्हणून ते आठवडाभर घरी होते, आणि मी मुलांच्या वह्या घेऊन त्यांच्याकडे गेले. सर आत झोपलेले. आक्कानं मला ओसरीत बसवलं, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. माह्या भावाचं मले खरं नाई वाटत, तो मले लागू नये म्हून बोलते. तुमी खरं सांगा. तिखटानंच झालं नं थे?"

आता या ठिकाणी कोणीही शहाणी बाई गप्प बसली असती. निदान गुळाचा खडा तोंडात टाकला असता. मी चष्मा सारखा केला. म्हटलं, "तिखटानं जठराच्या अस्तराचा दाह होतो, आक्का. पुस्तकात तसं दिलेलं आहे."

"पुस्तकात हाय?"

"हो. छापलेलं आहे."

ती हसली थोडं. "मंग झालं," म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या उचलून आत गेली.

पुढे म्हणे असं निघालं की त्या छिद्रामागे बहुतेक वेळा एक जंतू असतो. आम्हा कोणालाच ते तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे पुस्तकही चुकलेलं आणि मीही. पुस्तक निदान दुसऱ्या आवृत्तीत सुधारलं.

त्या दिवसापासून आक्कानं स्वतःच्या ताटातलं तिखट सोडलं. नुसतं तिखट नाही, मीठही, फोडणीही. सरांसाठी दूधभाकर, आणि स्वतःसाठी बिनमिठाचं वरण आणि भात. खलबत्ता धुऊन पालथा घातला. गावात कोणाला सांगितलं नाही, देवाला नवस नाही, वाराचं नाव नाही. उपास असता तर सुटला तरी असता. दोन महिन्यांत तिच्या हातातलं चांदीचं कडं कोपरापर्यंत वर जायला लागलं.

सरांना शेवटी तिनंच सांगितलं, फार विचारल्यावर. दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले, खडू टेबलावर ठेवला आणि दार लोटून घेतलं. इतक्या वर्षांत ते माझ्यावर रागावले ते त्या एकदाच.

"माह्याजवळ बाटली होती, बाई," ते म्हणाले. "तीन वर्षं मी तिले बाटली दाखवून राह्यलो. तुमी एका वाक्यात पुस्तक दाखवलं."

मी म्हटलं, "पण सर, पुस्तकात खरंच..."

"पुस्तकात असंन. तिचं पोट कोणत्या पुस्तकात हाय?"

मला रडू आलं. सर खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मग फिरून म्हणाले, "रडून काय होते? तिले तुमचं खरं वाटते, माहं नाई. आता तुमीच दाखवा तिले. डोळ्यानं."

प्रयोग त्यांनीच ठरवला. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे बारीक तुकडे चार नळ्यांत घालायचे. पहिलीत साधं पाणी. दुसरीत मिरचीचं पाणी, लालभडक. तिसरीत आम्ल आणि पेप्सिन. चौथीत आम्ल, पेप्सिन आणि मिरची, तिन्ही. मिरचीच्या नळीतलं अंडं जसंच्या तसं राहील. पेप्सिनच्या दोन्ही नळ्यांतलं विरघळेल, मिरची असो नसो. "मंग ती सोताच पाहीन, कोण खाते अन् कोण नुसतं बदनाम होते."

एप्रिलचा महिना, शाळा सकाळची. सगळ्या जगात म्हणे या प्रयोगासाठी पाणी शरीराच्या उष्णतेइतकं तापवावं लागतं. आमच्याकडे ऊन चढलं की थंड करत राहावं लागे. सरांनी माठाचं पाणी घालघालून घमेलं बरोबर राखलं आणि त्यात थर्मामीटर उभा केला. अंडी आक्कानंच आणली, पदराखालून, तिच्या कोंबड्यांची. मी ती कागदात धरून सोलली. कागदात धरून अंडं सोलणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मीही दुसरी पाहिली नाही.

पेप्सिन तयार करून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. नागपूरहून मागवलेली लहानशी तपकिरी बाटली होती, तिच्या तळाशी चमचाभर पूड उरलेली. ती सगळी मी आदल्या दिवशीच पाण्यात कालवून ठेवली.

सकाळी सात वाजता नळ्या घमेल्यात ठेवल्या. आक्का स्टुलावर बसली, हात मांडीत घेऊन. अर्ध्या-पाऊण तासात फरक दिसायला हवा होता. सर दर दहा मिनिटांनी नळ्या हलवून उजेडात धरत. आठ वाजले. नऊ वाजले. पहिली नळी पांढरी. दुसरी लाल आणि पांढरी. तिसरी पांढरी. चौथी लाल आणि पांढरी. कुठेच काही नाही. साडेदहाला सरांच्या कपाळावर घाम आला, आणि तो उन्हाचा नव्हता.

आक्का एवढंच म्हणाली, "राहू दे भाऊ. तू लय केलं माह्यासाठी." आणि स्टुलावरून उठायला लागली.

सर पुन्हा पुन्हा तिसरी नळी बघत होते. आम्लाची बाटली उघडून निळा लिटमस बुडवून पाहिला. बरोबर लाल झाला. थर्मामीटर पाहिला. तोही बरोबर. "काऊन होऊन नाई राह्यलं?" ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आयुष्यभर ज्याच्याविषयी बोलले त्यानं भर चौकात ओळख नाकारावी, तसा.

मला मात्र तोपर्यंत कळलं होतं. नऊ वाजताच कळलं होतं, खरं सांगायचं तर. दीड तास मी गप्प होते. पहिला वर्ग, दुसरं काय.

आक्का दारापर्यंत गेली, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "सर, मी ते उकळलं."

"काय?"

"पेप्सिन. काल संध्याकाळी. उन्हाळा आहे, रातभर नासेल असं वाटलं. म्हणून स्पिरिटच्या दिव्यावर एक उकळी आणून ठेवली."

सरांनी नळी स्टँडमध्ये ठेवली. रागावतील असं वाटलं होतं, पण ते वर्गात बोलत तसं बोलले, हळू, आणि प्रमाण भाषेत. "पेप्सिन स्वतःच प्रथिन आहे, बाई. त्याचाही एक विशिष्ट गुंता असतो, तो तसाच राहिला तरच कात्री चालते. उकळलं की मोडतो. अंड्याचं जे झालं तेच त्याचं झालं." मग तपकिरी बाटली उलटी करून : "जिवंत नसते ते. पण मरते."

बाटली रिकामी होती. नवी नागपूरहून यायची म्हणजे पुढच्या सत्रात. तोपर्यंत आक्का बिनमिठाच्या वरणावर कशी जगणार, हा विचार आम्हा दोघांच्याही मनात होता, आणि दोघंही नळ्यांकडे बघत होतो.

आक्का दारातून परत आली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "दूध उकळते तसं उकळलं?"

"हो."

"नासू नये म्हून?"

"हो, आक्का."

"तुमाले कोणी सांगतलं नव्हतं, उकळू नका म्हून?"

"नाही. म्हणजे... पुस्तकात होतं. मी ते पान वाचलं नव्हतं."

हे ऐकून तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग पदर काढला तेव्हा डोळे ओले होते, कशानं ते मी ठरवू शकत नाही. आणि पहिल्यांदाच तिनं मला एकेरीत बोलावलं. "पोरी, तू चांगलं व्हावं म्हूनच केलं नं? अन् मी तरी त्याच्या भाजीत तिखट कायले टाकत होती? त्याले दोन घास जास्त जावं म्हूनच नं."

सरांनी नळ्या एकेक करून मोरीत रिकाम्या केल्या. सगळं अंडं जसंच्या तसं बाहेर आलं.

आक्का म्हणाली, "चाला घरी दोघं. जेवून घ्या."

घरी तिनं खलबत्ता सरळ केला. फोडणीचा ठसका ओसरीपर्यंत आला आणि सर दोनदा खोकले, पण उठून बाजूला गेले नाहीत. मला वांग्याची भाजी वाढली, भावाला नेहमीची दूधभाकर, आणि मग स्वतःच्या ताटात भाजी घेतली, चिमूटभर मीठ घेतलं, बोटभर ठेचा घेतला. पहिला घास खाल्ला तसं तिच्या नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं. "सवय गेली," म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.

सरांनी आपलं ताट पुढे सरकवलं.

"तुले नाई," आक्का म्हणाली.

ताट तिथेच राहिलं. आक्का त्या ताटाकडे बघत बसली. मग करंगळीच्या टोकानं भाजीचा रस्सा उचलला, मोहरीएवढा, आणि दुधात न मिसळेल असा भाकरीच्या काठाला लावला.

सरांनी तो तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागले. आम्ही दोघी हात ताटात तसेच ठेवून त्यांच्याकडे बघत बसलो.